पुस्तक भाड्याने घ्यावं का?

पैसे भरून टेक्निकल पुस्तकांची ऑनलाइन लायब्ररी घेणं परवडतं का? कल्पना जुनीच आहे; ओ'रायली आणि पिअरसन या प्रकाशकांनी २००१ मध्ये 'सफारी' सुरू केली होती. हजारो पुस्तकांत एकदम शोधता येतं, हा मोठा फायदा. पण हे भाडं आहे, खरेदी नव्हे!

मेसचे खाडे लावून वाचवलेल्या पैशांत मी अशाच एका साइटचा एक महिना घेतला. प्रोजेक्टसाठी सात पुस्तकं चाळली, पैसे वसूल! पण व्हायवाच्या आदल्या रात्रीच मुदत संपली आणि खुणा केलेली पानं बंद झाली. शेवटी रूममेटचं कव्हर फाटलेलं पुस्तकच कामी आलं.

तेव्हा प्रोजेक्टपुरता महिना जरूर घ्या, नोट्स मात्र वहीत काढा. चार वर्षं लागणारं पुस्तक विकतच घ्या, जुनं का होईना!