विश्लेषण : ‘सिम्स’मधला पुरुष खराखुरा का वाटत नाही?

संगणकावर घर बांधायचे, त्यात माणसे वसवायची आणि त्यांचे रोजचे जगणे चालवायचे, हा ‘द सिम्स’ या खेळाचा गाभा. नाकाची ठेवण, खांद्यांची रुंदी, चालण्याची ढब, आवाज, स्वभाव असे सारे काही इथे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. तरीही खेळणाऱ्यांची एक तक्रार जुनी आहे. बाई हवी तशी घडते, पुरुष मात्र एक तर कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो, नाही तर व्यंगचित्रासारखा. पन्नाशीतला, पोट सुटलेला, ऑफिसातून दमून घरी आलेला साधा माणूस घडवायला एवढे कष्ट का पडतात?

हा खेळ नेमका काय आहे?

‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंड परिसरात लागलेल्या मोठ्या आगीत विल राइट यांचे घर जळाले. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमके काय काय लागते, या विचारातून त्यांना हा खेळ सुचला. त्यात कुणाला हरवायचे नसते. ‘सिम’ म्हणजे खेळातले पात्र. ते जेवते, झोपते, नोकरीला जाते, भांडते, लग्न करते, म्हातारे होते. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुलांमध्ये आई-वडिलांचे नाक-डोळे उतरू लागले. २०१४ मध्ये आलेल्या ‘द सिम्स ४’ने पात्र घडवण्याची पद्धतच बदलली. गाल ओढा, जबडा दाबा, कंबर आत घ्या, असे थेट चेहऱ्या-शरीरावर काम करता येऊ लागले. ऑक्टोबर २०२२ पासून हा मूळ खेळ फुकट आहे. त्यामुळे भारतातल्या कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपवरही तो सहज दिसतो.

अडचण शरीरात कुठे आहे?

खेळातले प्रत्येक शरीर एका साच्यातून निघते. ‘सिम्स ४’मध्ये पुरुषी आणि स्त्रैण असे दोन साचे आहेत. त्यावर चरबी आणि स्नायू यांच्या दोन मुख्य पट्ट्या. त्यापुढे छाती, पोट, मांड्या वेगवेगळ्या ओढता येतात, पण एका मर्यादेपर्यंतच. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, हा आपल्याकडे घरोघरी दिसणारा पुरुषी देह तिथे बराच वेळ झटापट केल्यावर जेमतेम जमतो. त्यातही पात्र खाऊ लागले, व्यायाम करू लागले की शरीर बदलते आणि मेहनतीने बसवलेले प्रमाण हळूहळू सरकते.

उंचीचे तर विचारायलाच नको. मूळ खेळात उंची बदलण्याची सोय नाही. पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा बाप शेजारी उभे केले तर दोघांचे डोळे एका रेषेत येतात. याला तांत्रिक कारण आहे. मिठी मारणे, हातात हात घेणे, एका पलंगावर झोपणे अशा शेकडो हालचाली ठरावीक उंची गृहीत धरून तयार केलेल्या असतात. उंची बदलली की मिठीतला हात खांद्यावर न पडता हवेत राहतो किंवा मानेतून आरपार जातो. हे टाळण्यासाठी सगळे एकाच मापाचे. ‘पॅरालाइव्हज’ या नव्या खेळाच्या निर्मात्यांनी उंची बदलण्याची सोय दाखवली, तेव्हा सिम्सच्या चाहत्यांनी ती एवढी उचलून का धरली, हे यावरून समजावे.

चेहऱ्याचीही एक खोड आहे. डावा गाल ओढला की उजवाही ओढला जातो. खऱ्या माणसाचा चेहरा असा मोजून-मापून घडलेला नसतो. एक भुवई किंचित वर, नाक जरा कलते, हसताना एकच गाल दुमडतो. बाईच्या चेहऱ्यावर केशरचना, मेकअप, दागिने यांनी हा सारखेपणा झाकता येतो. पुरुषाच्या चेहऱ्याला असे आवरण कमी. म्हणून त्याचे पुतळेपण आधी डोळ्यांत भरते.

पन्नाशीचा पुरुष गेला कुठे?

माझ्या मते खरी मेख इथे आहे. खेळात किशोर, तरुण, प्रौढ आणि वृद्ध असे वयाचे टप्पे आहेत. पण तरुण आणि प्रौढ यांच्यात दिसण्याचा फरक जवळपास नाहीच. पंचविशीतला दिसतो तसाच तो पुढची कित्येक वर्षे राहतो. मग एका वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकतो आणि थेट आजोबा होतो. मधली पंधरा-वीस वर्षे, ज्यात कानशिलाजवळ पांढरे येते, कपाळ वर सरकते, डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात, ती गायब. केस वयानुसार विरळ होत नाहीत, ते खेळणाऱ्यानेच बदलायचे.

म्हणजे ज्या वयाचे वडील, काका, वर्गशिक्षक, बँकेतले साहेब आपण रोज पाहतो, ते वय या खेळात तयार मिळत नाही. एखादी मुलगी खेळात आपले घर हुबेहूब उभे करायला बसते. आई जमते, आजी जमते, मांजरही जमते. बाबांपाशी येऊन ती अडते. बाबा तिच्या मोठ्या भावासारखे दिसू लागतात. जुने घर आणि गेलेली माणसे आठवणीसाठी खेळात पुन्हा उभी करणारे खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ही उणीव नुसती तांत्रिक राहत नाही.

पुरुषांचे कपाट रिकामे का?

सिम्स खेळणाऱ्यांत महिलांचा वाटा पहिल्यापासून मोठा. चाहते स्वतः तयार करून वाटतात त्या सामग्रीला ‘कस्टम कंटेंट’ म्हणतात. ‘सिम्स ४ स्टुडिओ’ आणि ‘ब्लेंडर’ ही साधने वापरून हजारो कपडे, केस, त्वचा तयार होतात, पण त्यांत स्त्रीपात्रांसाठीची सामग्री डोळ्यांत भरण्याइतकी जास्त. कारण सरळ आहे, जे जास्त उतरवून घेतले जाते तेच जास्त बनते. जून २०१६ मध्ये कंपनीने स्त्री-पुरुषांचे बंधन काढले आणि ७०० हून अधिक कपडे व इतर वस्तू दोन्ही साच्यांना खुल्या केल्या. ते स्वागतार्हच होते. मात्र एका साच्यासाठी शिवलेला सदरा दुसऱ्यावर चढवला की छातीपाशी ताणला जातो, खांद्यावर नक्षी फाकते. शिंप्याकडे गेल्यावाचून मोठ्या भावाचा शर्ट घालावा, तसे.

मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून स्फूर्ती घेतलेला कपड्यांचा एक संच २०२१ मध्ये आला, तेव्हा इकडच्या खेळाडूंना आनंद झाला. कपड्यांनी पात्राला गाव मिळते, पण अंगकाठी आणि चेहरा मिळत नाही.

रंग आणि केसांचे काय?

गव्हाळ, सावळा, काळासावळा हे फरक आपल्याला एका नजरेत कळतात. सुरुवातीच्या ‘सिम्स ४’ला ते कळत नव्हते. गडद छटांवर राखाडी झाक यायची, माणूस आजारी दिसायचा. अमीरा व्हर्जिल या खेळाडूने ‘मेलॅनिन पॅक’ नावाने स्वतःच त्वचेच्या छटा तयार करून वाटल्या आणि हा विषय ऐरणीवर आणला. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने शंभरहून अधिक नव्या छटा दिल्या आणि त्या उजळ-गडद करण्याची पट्टीही दिली. छाती, पाठ, हातापायांवरचे केस यायला जुलै २०२२ उजाडावे लागले. म्हणजे आठ वर्षे या खेळातले सगळे पुरुष नुकतेच मेण लावून आल्यासारखे गुळगुळीत होते! जानेवारी २०२३ मध्ये श्रवणयंत्र आणि रक्तातली साखर मोजणारे अंगावरचे यंत्र आले. मधुमेह असलेला बाप दाखवायचा तर आता दंडावर ते लावता येते. अशा एका बारीक तपशिलाने पात्र जेवढे खरे होते, तेवढे दहा नव्या केशरचनांनी होत नाही.

मग जाणकार खेळाडू काय करतात?

एक युक्ती बरेच जण वापरतात. हव्या त्या पुरुषाला थेट हात न लावता आधी त्याचे आई-वडील घडवायचे. एकाचे नाक मोठे, दुसऱ्याचा जबडा अरुंद. मग खेळातल्या आनुवंशिकतेच्या सोयीने त्यांचा मुलगा काढायचा. स्वतःच्या हाताने आपण नकळत देखणेच चेहरे घडवतो. दोन चेहऱ्यांची सरमिसळ मात्र आपली आवड-निवड विचारत नाही. त्यानंतर कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, तीळ. स्नायूंची पट्टी मध्यावरून खाली आणायची, कारण ती तिथेच ठेवली तरी माणूस व्यायामशाळेतून आल्यासारखा वाटतो. चालण्याची ढब शेवटी निवडायची. संथ, पाय ओढत चालणारा माणूस चेहरा न बघताही वयस्क वाटतो.

स्वभावाच्या बाबतीत खेळ अधिक उदार आहे. प्रौढ पात्राला तीन स्वभावगुण देता येतात. घरगुती, तापट, एकलकोंडा, उदास, नीटनेटका वगैरे. नवखे लोक पुरुषाला ‘महत्त्वाकांक्षी’ आणि ‘आत्मविश्वासू’ करून मोकळे होतात. जाणकार एकमेकांशी न पटणारे गुण देतात, जसे कुटुंबवत्सल पण तापट. असा माणूस मुलाला कुशीत घेतो आणि तासाभराने नळ गळतो म्हणून चिडचिड करतो. ओळखीचा वाटतो ना? भावनांच्या बाबतीत खेळ स्त्री-पुरुष भेद करत नाही. दुःखी पुरुष पलंगावर जातो, पांघरूण डोक्यावरून घेतो आणि आत रडतो. त्यासाठी वेगळी कुठलीच सोय करावी लागत नाही.

चित्र अधिक हुबेहूब झाले तर प्रश्न सुटेल?

मार्च २०२५ मध्ये ‘इनझोई’ हा कोरियन खेळ प्राथमिक स्वरूपात उपलब्ध झाला. ‘बीजीएमआय’मुळे आपल्याकडे माहीत असलेल्या क्राफ्टन कंपनीचा हा खेळ ‘अनरिअल इंजिन ५’वर चालतो. त्वचेची छिद्रे, केसांची बट, डोळ्यांतले पाणी सगळे दिसते. पण त्यातले पुरुष कोरियन मालिकांतल्या नायकांसारखे, नितळ आणि तरुण. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक निरीक्षण मांडले होते. कृत्रिम माणूस खऱ्याच्या फार जवळ गेला आणि थोडासाच कमी पडला, की तो आवडण्याऐवजी अंगावर येतो. सिम्सची पात्रे कार्टूनसारखी असल्याने या दरीत पडत नाहीत. ती ‘सिमलिश’ नावाची निरर्थक भाषा बोलतात, आणि शब्दांची जागा आपण आपल्या घरातल्या संवादांनी भरतो.

‘सिम्स ४’मधल्या विलो क्रीक या गावात बॉब पॅनकेक्स नावाचा एक गृहस्थ पहिल्यापासून राहतो. उदास, एकलकोंडा, स्वयंपाकाची नोकरी करणारा. बायको एलिझा अतिशय टापटिपीची. ना तो देखणा, ना श्रीमंत, ना पराक्रमी. कित्येक खेळाडू नवा खेळ सुरू केला की आधी त्याच्या घरी जातात, त्याला जरा बरे वाटेल असे काही तरी करतात, आणि मग आपले पात्र घडवायला बसतात.