जोंगाचे इंजिन उघडण्यापूर्वी

शहराचे नाव पोटात वागवणारी मोटार विरळाच. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘जोंगा’ हा शब्द घडला आणि पुढे सैन्यात व सामान्यजनांतही तो रूढ झाला. १९६९ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत, निस्सान पॅट्रोल या जपानी गाडीच्या आराखड्यावर बेतलेली ही दणकट गाडी १९९९ पर्यंत तयार होत होती. सैन्याने लिलावात काढलेल्या अनेक जोंगा हौशी मंडळींच्या अंगणात येऊन विसावल्या. जबलपुरात तर या गाडीकडे पाहताना माहेरच्या लेकीकडे पाहावे तसा भाव अनेकांच्या नजरेत उमटतो.

अशी गाडी केवळ शोभेसाठी न ठेवता रस्त्यावर चालवायची असेल, तर एक दिवस तिच्या इंजिनाचा प्रश्न समोर उभा राहतोच. धूर वाढतो, तेल कमी होऊ लागते, चढावर दम लागतो. अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. त्यांतला सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे, ‘हे पेट्रोल इंजिन काढा आणि डिझेल बसवा.’ जोंगाची तहान कुप्रसिद्ध असल्यामुळे हा सल्ला अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मात्र मोटार वाहन कायद्यानुसार असा बदल नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय दिली असली, तरी ती मूळ स्वरूपात फारसा फेरफार न झालेल्या वाहनांसाठीच आहे. आणि गंमत अशी की ही नोंदणी घेतलेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही! म्हणजे गाडी रोज चालवायची की मिरवायची, हे पान्याला हात लावण्याआधीच ठरवावे लागते. सैन्याच्या लिलावातील गाडी असेल तर नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र हाती असावे आणि त्यावरील इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल तर पुढील खर्च तूर्त थांबवणेच श्रेयस्कर.

मूळ इंजिनच राखायचे ठरले, तर त्याची प्रकृती जाणून घेतली पाहिजे. सहा सिलिंडरांचे हे पेट्रोल इंजिन ३,९५६ घनसेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ८५.७ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ११४.३ मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा बरीच मोठी असल्याने हे इंजिन संथ गतीतही जोर धरते. त्याला पळवण्यापेक्षा ओढायला लावावे. त्यामुळे पुनर्बांधणीत ‘ताकद वाढवू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नकार द्यावा.

इंजिन खोलण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवावे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल, त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंग किंवा सिलिंडरच्या झिजेत. जैसे थे राहिला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील, तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्यावा. या अर्ध्या दिवसाच्या कामातून कधीकधी असे निष्पन्न होते की केवळ हेडचे काम पुरेसे आहे, आणि मालकाचे हजारो रुपये वाचतात.

इंजिन खरोखरच उघडावे लागले, तर सर्वांत महागडी चूक घडते ती लेथवाल्याच्या दुकानात. सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजतो, म्हणून तो वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावा लागतो. त्यावरून किती मोठ्या मापाचे पिस्टन लागतील ते ठरते. तथापि उत्पादन बंद होऊन पाव शतक लोटलेल्या गाडीचे हवे ते माप बाजारात मिळेलच असे नाही. यासाठी पिस्टन आणि रिंगा प्रत्यक्ष हाती आल्याखेरीज बोअरिंगला संमती देऊ नये. कापलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. मग लायनर ठोकण्याचा वाढीव खर्च पदरी पडतो. क्रँक ग्राइंडिंगलाही हाच नियम लागू : आधी बेअरिंगचे माप, मग दगड.

इंधनाचा विचारही अंदाजपत्रकातच व्हावा. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले १ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे शेवटची जोंगा कारखान्याबाहेर पडल्यानंतर. पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. आता ते नाही, तेव्हा हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुने रबर त्यात फुगते, चिरते; म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत. पेट्रोल गळून लागलेली आग बेअरिंगच्या झिजेची वाट पाहत नाही.

आणि जबलपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवे बांधलेले इंजिन जुन्या, गाळाने भरलेल्या रेडिएटरवर चालवणे म्हणजे आठवडाभरात पुन्हा हेड उघडण्याची तयारी. रेडिएटर, पाण्याचा पंप, होज पाइप आणि थर्मोस्टॅट हे ‘नंतर पाहू’च्या रकान्यात कधीही टाकू नयेत. उलट रंग आणि गाद्या खुशाल वर्षभर थांबू शकतात. इंजिन खोलल्यावर काय निघेल हे कोणालाच सांगता येत नसल्याने ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा वेगळा राखून ठेवावा. नाहीतर सुटे झालेले इंजिन गोणपाटाखाली दोन पावसाळे काढते आणि काही भाग हरवूनही जातात.

बांधून झालेले इंजिन पहिले पाचशे किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. ग्वारीघाट, फार तर भेडाघाट एवढीच मजल. त्यानंतर तेल बदलून, व्हॉल्व्हची फट तपासून आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळून घ्यावेत. नागपूरचा रस्ता आणि वाटेतला कुरईचा घाट त्यानंतर.