आपलाच पत्ता

धाडचा माणूस शेतातून परतताना ‘धाडला चाललो’ म्हणत नाही. ‘घरी चाललो’, फार तर ‘गावात चाललो’ म्हणतो. गावाचे नाव लागते ते बाहेरून येणाऱ्याला, बसची पाटी वाचणाऱ्याला. पत्ता ही राहणाऱ्याची गरज नसते, येणाऱ्याची सोय असते. ही साधी गोष्ट मला संगणकाच्या बाबतीत एका चुकीतून कळली.

परिसरातल्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून मी जपतो. त्या ऐकवण्यासाठी, पुस्तके वाचत वाचत, जावा भाषेत एक छोटे संकेतस्थळ रचले. नवी ओवी चढली की गाणारीच्या घरच्यांना तिचा दुवा ईमेलने आपोआप जाई. एका रात्री वीज गेली. पहाटे ती परतली, संगणक सुरू झाला आणि रखडलेली पत्रे त्याने तत्क्षणी धाडून दिली. सकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांची आई महिन्यापूर्वीच वारली होती. “भाऊ, दुवा उघडत नाही. आईचं गाणं गेलं का हो?”

गाणे गेले नव्हते, पत्ता चुकला होता. दुव्यात संकेतस्थळाच्या नावाऐवजी ‘लोकलहोस्ट’ हा शब्द पडला होता. त्याचा अर्थ ‘हाच संगणक’. म्हणजे जो दुवा उघडेल त्याचा स्वतःचा. त्या बाईंचा संगणक आईचा आवाज आपल्याच पोटात शोधत होता.

असे का व्हावे? जावातले संकेतस्थळ स्वतंत्रपणे उभे नसते. ते टॉमकॅटसारख्या यजमान-प्रणालीत बिऱ्हाड करते. सुरू होताना यजमान त्याला हाक देतो. त्या वेळी त्याला आपल्या खोलीची पाटी वाचता येते. तिला ‘कॉन्टेक्स्ट पाथ’ म्हणतात आणि सर्व्हलेट नियमावलीच्या २.५ आवृत्तीपासून ती सुरुवातीलाच विचारता येते. थोड्या खटपटीने यंत्राचे अंतर्गत नाव आणि दाराचा क्रमांकही कळतो; टॉमकॅटचे दार ठरावीकपणे ८०८० असते. पण जग ज्या नावाने हाक मारते, ते नाव घरात कुठेच लिहिलेले नसते. ते जगभर पसरलेल्या नामनोंदणीच्या वहीत असते. शिवाय एका घराला अनेक नावे असू शकतात. त्यात पुढे बहुधा ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ नावाचा देवडीवाला बसलेला असतो. तो पाहुण्याला ४४३ क्रमांकाच्या सुरक्षित दारात घेतो आणि निरोप आत ८०८० वर पोचवतो. आतल्याला बाहेरचे दार दिसतच नाही.

नाव कळते ते पहिला पाहुणा आल्यावर. प्रत्येक विनंतीत ‘होस्ट’ नावाची ओळ असते : ‘मी अमुक नावाच्या घरी आलो आहे.’ १९९७च्या एचटीटीपी १.१ नियमांनी ती सक्तीची केली. त्यामुळे एकाच अंकपत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदू लागली. देवडीवाला मध्ये असेल तर मूळ नाव ‘फॉरवर्डेड’ या ओळीतून आत देण्याची रीत २०१४ साली प्रमाणित झाली. माझी प्रणाली आलेल्या विनंतीतून नाव उचलून लक्षात ठेवी. त्या पहाटे मात्र कोणीच आलेले नव्हते, आणि मी पर्यायी म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहून ठेवले होते.

मग पहिल्या पाहुण्याची वाट पाहावी का? ते अधिक धोक्याचे. होस्टची ओळ पाहुणा स्वतः लिहितो. तो खोटेही लिहू शकतो. परवलीचा शब्द बदलण्याचे पत्र जर याच ओळीवरून पत्ता घेत असेल, तर चोर दुसऱ्याच्या नावाने विनंती करतो आणि होस्टमध्ये स्वतःचे ठिकाण घालतो. पत्र खऱ्या माणसाला जाते, दुवा मात्र चोराच्या दारी नेतो. माणसाने तो उघडला की गुप्त खूण चोराच्या हाती.

मराठी नावांना आणखी एक पदर आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नाव मिळते. पण होस्टच्या ओळीत ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात येते. आपण नोंदवलेले देवनागरी नाव आणि आलेले नाव जसेच्या तसे ताडून पाहिले तर जुळत नाही. जावात सहाव्या आवृत्तीपासून असलेल्या ‘आयडीएन’ वर्गाने आधी रूपांतर करावे लागते.

उपाय अगदी जुनाच आहे : पत्ता माणसाने सांगायचा. तो संपूर्ण स्वरूपात, प्रणालीच्या बाहेर, मांडणीच्या फाइलीत लिहायचा आणि सुरू होतानाच वाचून घ्यायचा. मी आता तेच करतो. पत्ता दिलेला नसेल तर माझी प्रणाली सुरूच होत नाही. चुकीचे पत्र धाडण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे. होस्टच्या ओळीत नोंदीबाहेरचे नाव आले तर पाहुण्याला दारातूनच परत लावते.

त्या बाईंना दुसऱ्या दिवशी नवा दुवा पाठवला. संध्याकाळी पुन्हा फोन आला. त्या फारसे बोलल्या नाहीत. मागे जात्याची घरघर आणि त्यांच्या आईचा आवाज ऐकू येत होता.