दंतरोपण, दुष्टव्रण आणि शोधन

जबड्याच्या अस्थीत टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात चढविण्याची पद्धती आता तालुक्याच्या गावीही रूढ होऊ लागली आहे. साहजिकच असे इम्प्लांट असलेले रुग्ण आपल्या चिकित्सालयातही येतात. बहुधा मधुमेहासाठी वा अम्लपित्तासाठी. उठता उठता मात्र ते सांगतात, ‘वैद्यबुवा, त्या बसविलेल्या दातापाशी घासताना रक्त येते, काही गुळण्यांना द्या.’ या मागणीला आपण काय उत्तर देतो, यावर त्या रुग्णाच्या अस्थीचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून विषय दंतवैद्यकाचा असला तरी तो येथे मांडणे अगत्याचे वाटते.

टायटॅनियम आणि अस्थी यांचे सख्य स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली योगायोगाने उमगले. सशाच्या अस्थीतील रक्ताभिसरण पाहण्यासाठी त्यांनी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगाअंती निघेना, कारण अस्थी त्याला घट्ट धरून वाढली होती. पुढे १९६५ साली त्यांनी या तत्त्वावर पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसविले. सुश्रुताचार्यांनी प्रनष्टशल्याच्या अध्यायात सुवर्ण, रजत, ताम्र इत्यादी धातूंची शल्ये दीर्घकाळ शरीरात राहिल्यास पित्ततेजाने विलीन होतात असे म्हटले आहे. टायटॅनियम मात्र विलीनही होत नाही आणि बाहेरही टाकले जात नाही. त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर अस्थीला सात्म्य ठरतो.

अस्थीची पकड खडबडीत पृष्ठावर अधिक चांगली बसते. यास्तव इम्प्लांटवर वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लाची प्रक्रिया करून तो मुद्दाम खरबरीत केला जातो. हाच गुण पुढे दोष ठरतो. हिरडी सैल होऊन तो खरबरीत भाग उघडा पडला की स्क्रूच्या आट्यांत जिवाणूंचा चिकट थर घर करतो. नैसर्गिक दाताच्या मुळाला अस्थीशी बांधणारे तंतू असतात. इम्प्लांटला ते नसल्याने शोथ अस्थीपर्यंत लवकर उतरतो. शोथ केवळ हिरडीत आहे तोवर तो पूर्ववत होऊ शकतो. अस्थिक्षय सुरू झाला की पेरी-इम्प्लांटायटिस झाला असे समजावे. रक्त, पूय, खोल होत जाणारा खिसा आणि क्ष-किरण चित्रात उतरलेली अस्थीची पातळी, ही त्याची लक्षणे.

येथे आपली फसगत होण्याचा संभव फार आहे. पूयरक्तस्राव पाहून दंतवेष्टाचे निदान सहज सुचते. परंतु दंतवेष्टात दात हलू लागतो, तसा इम्प्लांट हलत नाही. अस्थीची अगदी तळाशी उरलेली पकडही त्याला घट्ट धरून ठेवते, आणि तो हलू लागतो तेव्हा बहुधा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. वेदनाही पुष्कळदा नसतात. कषायाच्या कवलाने दुर्गंधी व रक्त थोडे कमी झाले की रुग्ण समाधानी होतो, आणि आत अस्थी झिजतच राहते.

दुष्टव्रणाचे शोधन झाल्यावाचून रोपण नाही, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. व्रणाच्या साठ उपक्रमांचा क्रमच ते शिकवतो. या व्याधीत शोधन करावयाचे ते धातूचे, आणि ते हत्यारावाचून होत नाही. आट्यांत रुतलेला थर कोणत्याही गुळणीने सुटत नाही, मग ती त्रिफळेची असो वा क्लोरहेक्सिडिनची. गुळणी हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचते, खिशाच्या तळाशी नाही.

दंतवैद्य आधी शस्त्रकर्मावाचून सफाई करून पाहतात आणि सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तेवढ्याने भागले नाही तर हिरडी उघडून इम्प्लांट साफ करतात. साधे पोलादी हत्यार टायटॅनियमवर ओरखडे पाडते, म्हणून टायटॅनियमच्याच लेखण्या व ब्रश वापरतात. ग्लायसिन वा एरिथ्रिटॉल या मृदू चूर्णाचा हवेच्या झोताबरोबर मारा, एर्बियम लेसर, सायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, लवणजल असे कितीतरी उपाय योजले जातात. अलीकडची विद्युत्पद्धती मला विशेष लक्षवेधी वाटते. सोडियम फॉर्मेटच्या द्रवात इम्प्लांटला ऋण विद्युद्भार दिला असता त्याच्या पृष्ठावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि थराला आतून उचलून काढतात. तथापि यांपैकी एकही पद्धती निर्विवाद श्रेष्ठ ठरलेली नाही. युरोपीय पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेचा सूरही सावधच आहे. स्वच्छ झालेल्या पृष्ठावर अस्थी पुन्हा घट्ट बसते हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. मनुष्यात क्ष-किरण चित्रात पोकळी भरलेली दिसते, पण ती अस्थी धातूला चिकटली की नुसती शेजारी उभी राहिली, हे चित्रावरून सांगता येत नाही. ‘हाड भरून देतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे, मग तो कोणत्याही शास्त्राचा असो, साशंकतेनेच पाहावे.

मग आपल्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. हिरड्यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकास ‘इम्प्लांट बसविले आहे काय’ असे विचारावे. रक्त वा पूय दिसल्यास औषध देण्याआधी दंतवैद्याकडे धाडावे. खिशात क्षार वा तीक्ष्ण चूर्ण भरू नये. मधुमेह आणि धूम्रपान यांचा बंदोबस्त हे तर आपलेच क्षेत्र आहे. शस्त्रकर्मानंतर आरंभीचे दिवस जोराने खुळखुळणारा कवल टाळावा, कारण नव्या धातूच्या उभारणीचा पाया असलेली रक्ताची गुठळी त्याने निसटते. स्नेहगंडूष दंतवैद्याच्या संमतीनेच योजावा.

औषधविक्रेत्या बंधूंनाही थोडे सांगावयाचे आहे. गेरूमिश्रित जाड लाल दंतमंजन बोटाने खसाखसा घासणे अशा रुग्णास हितकर नाही. मृदू ब्रश व फटींसाठीचा बारीक ब्रश सुचवावा. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी भाजलेली मिश्री कित्येक घरांत अजून चालते. ती लावणाऱ्या भगिनी काउंटरवर बोलतात, दवाखान्यात लपवितात. आणि इम्प्लांटचा दात बसविला तेव्हाचे क्ष-किरण चित्र जपून ठेवण्यास प्रत्येकाला सांगावे. अस्थी किती घटली हे पुढे त्याच्याशी ताडूनच कळते.