मधमाश्यापालन, कोकणातील : पेटीची निगा व खाद्य

लाकडी पेटीत पाळलेल्या मधमाश्यांच्या वसाहतीची तपासणी, संरक्षण व अन्नपुरवठा या वर्षभर करावयाच्या कामांना पेटीची निगा म्हणतात. समशीतोष्ण देशांत वसाहतीच्या दृष्टीने हिवाळा हा कसोटीचा काळ असतो. रत्नागिरी जिल्ह्यात व एकूण कोकणात तो जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा काळ होय. रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक या चार महिन्यांतच पडतो. संततधारेत माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि जी फुले असतात त्यांतील मकरंद धुऊन जातो. उन्हाळ्यात भरभराटीस आलेली वसाहत ऑगस्टमध्ये पेटी सोडून गेली, असा अनुभव हौशी पालकांना वारंवार येतो. त्याचे मूळ बहुधा मे महिन्यात सगळा मध काढून घेण्यात असते.

पाळीव जाती : आग्या व फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत. कोकणात पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी माशी. तिचे शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका असे आहे. झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी, वारूळ अशा अंधाऱ्या जागी ती अनेक समांतर पोळी बांधते. दोन पोळ्यांमध्ये माश्या ठराविक अंतर मोकळे सोडतात, हे तत्त्व लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत सुट्या चौकटींच्या पेटीसाठी उपयोगात आणले. भारतीय माशीस सोयीची लहान पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात प्रचारात आणली. महाराष्ट्रात या व्यवसायाचा विकास महाबळेश्वर येथून झाला. केंद्रीय मधमाश्या संशोधन व प्रशिक्षण संस्था पुणे येथे १९६२ पासून आहे.

सातेरीचे तीन गुणधर्म पालकाने ध्यानात ठेवावे लागतात. अन्न तुटले, उपद्रव वाढला किंवा पेटी वारंवार उघडली गेली, तर ती घर सोडून जाते. ती झाडांचा डिंक आणून फटी बुजवीत नाही; त्यामुळे पेटीच्या फटी पालकानेच माती किंवा मेण लावून बंद कराव्या लागतात. जुनी काळी पोळी ती कुरतडून पाडते व हा चुरा तळफळीवर साठतो. त्यातच मेणपतंगाच्या अळ्या वाढतात.

जागा : पेटी आंबा, फणस यांसारख्या झाडाच्या विरळ सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर व दार शक्यतो पूर्वेकडे करून ठेवावी. जांभ्या दगडाचा चौथरा चालतो. परंतु लोखंडी वा लाकडी घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. पेटी दाराकडे किंचित उतरती असावी, म्हणजे आत शिरलेले पाणी वाहून जाते. पावसाळ्यात छतावर पत्रा किंवा झापाचे आच्छादन घालावे व पेटी पागोळ्यांखाली येऊ देऊ नये. ती पडवीत हलवावयाची असल्यास रोज थोडी थोडी सरकवावी. एकदम दहावीस मीटर हलविल्यास बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात व वसाहत दुबळी होते.

फुलोऱ्याचे वर्ष : कोकणात नारळ बारमाही फुलतो व त्यापासून परागाचा पुरवठा सतत होतो. डिसेंबरपासून काजू व आंबा मोहरतात; उन्हाळ्यात जांभूळ, करंज इ. झाडे फुलतात. पावसाळ्यात परसातील मांडवावरच्या पडवळ, दोडका, काकडी या वेलींपासून थोडा पराग मिळतो. पावसाच्या अखेरीस तेरडा व किंजळ यांची फुले येतात. अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास सु. तीन आठवडे लागतात व त्यापुढे सु. दोन ते तीन आठवडे ती पेटीतच काम करते. म्हणजे डिसेंबरअखेरीस काजूवर जाणारी माशी नोव्हेंबरच्या पूर्वार्धात घातलेल्या अंड्यातून आलेली असते. राणीने त्या वेळी भरपूर अंडी घालावीत यासाठी पावसाळ्यातून वसाहत सशक्त बाहेर पडावी लागते. उन्हाळ्यातील मधाचे प्रमाण अशा रीतीने आधीच्या पावसाळ्यात ठरते.

मध काढणे : मध केवळ वरच्या मधकोठीतून घ्यावा, पिलांच्या कोठीतील चौकटींना हात लावू नये. किमान तीनचतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली चौकटच यंत्रात घालावी. कोवळ्या मधात पाण्याचे प्रमाण अधिक असते व ते २० टक्क्यांच्या वर असल्यास कोकणच्या दमट हवेत मध आंबण्याचा संभव असतो. मेच्या मध्यानंतर आलेला मध वसाहतीसाठी सोडावा. पिलांच्या वरच्या बाजूस दोनतीन बोटे रुंदीचा बंद मधाचा पट्टा नसेल, तर पावसाळ्यापूर्वीच खाद्य देणे इष्ट ठरते.

कृत्रिम खाद्य : साखरेचा पाक हे पेटीतील माश्यांचे नेहमीचे पूरक खाद्य होय. पाणी उकळून खाली उतरवावे व त्यात पांढरी साखर विरघळवावी. साखर करपू देऊ नये. साठा करण्यासाठी दोन भाग साखरेस एक भाग पाणी व अंडी घालण्यास चालना देण्यासाठी समभाग, असे प्रमाण घेतात. पावसाळ्यात पातळ पाक लवकर आंबतो, म्हणून दाट पाक थोडा थोडा द्यावा. आठवड्यातून एकदोनदा सु. २०० ते ३०० मिलि. पाक मध्यम वसाहतीस पुरतो. तो पसरट भांड्यात घालून पेटीच्या आत ठेवावा व माश्या बुडू नयेत म्हणून वर काटक्या टाकाव्यात. खाद्य संध्याकाळी व सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावे. पाक सांडल्यास सबळ वसाहत दुबळीवर लूट घालते. अशा वेळी दार एकदोन माश्यांपुरते लहान करतात. गुळाने माश्यांना हगवण लागते व बाजारातील मधातून रोग येण्याची भीती असते, म्हणून ते दोन्ही वर्ज्य समजावेत. पाकाने परागाची उणीव भरून निघत नाही. त्यासाठी चरबीरहित सोयाबीनचे पीठ पाकात मळून त्याची चकती चौकटींवर ठेवतात. मधकोठी चढविण्यापूर्वी पाक बंद करावा, अन्यथा तो मधात मिसळतो.

पावसाळी तपासणी : उघडीप पाहून आठदहा दिवसांनी तळफळी स्वच्छ करावी. पेटीची मागील बाजू किंचित उचलून वजनावरून साठ्याचा अंदाज घेता येतो; त्यामुळे चौकटी बाहेर काढण्याचे प्रसंग कमी होतात. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून आडफळीने जागा आटोपशीर करावी. काढलेल्या पोळ्यांना गंधकाची धुरी देऊन ती घट्ट बंद डब्यात ठेवावीत.

शत्रू व रोग : मेणपतंग, मुंग्या, गांधीलमाश्या व वेडा राघू हे नेहमीचे शत्रू होत. थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग त्याहून घातक असून १९९१–९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती त्याने नष्ट झाल्या. यात अळी कोषावस्थेत न जाता पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. यावर औषध नाही. रोगट पेटीतील पोळी वा हत्यारे दुसऱ्या पेटीत वापरू नयेत व रोगाला न जुमानणाऱ्या वसाहतींपासूनच नव्या वसाहती वाढवाव्यात.

मोहोराच्या वेळी आंब्यावरील तुडतुडे व काजूवरील ढेकण्या यांसाठी होणारी फवारणी ही कोकणातील विशेष अडचण होय. काजूचे फळ धरण्यास कीटकांकडून होणारे परागीकरण आवश्यक असते. त्यामुळे माश्या मेल्यास बागायतदाराचेही नुकसान होते. फवारणी संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी. शेजारच्या बागेतील फवारणीची पूर्वसूचना मिळाल्यास पेटीचे दार आदल्या रात्री जाळीने बंद करून दुसऱ्या दिवशी पेटी सावलीत व हवेशीर ठेवावी आणि आत पाण्याची सोय करावी.