लाजाळू लोचची दोस्ती
माझ्या कोल्हापूरच्या टँकमधला सगळ्यात लाजरा मेंबर म्हणजे झेब्रा लोच. अंगावर झकास पट्टे, पण माणूस दिसला की दगडाखाली गुडूप! हा काही फॉरेनचा पाहुणा नाही बरं का. आपली पंचगंगा ज्या कृष्णेला मिळते, तिच्याच खोऱ्यातला हा गडी. १९२० साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. आज तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे, तरी नदीतून पकडून विकला जातो. म्हणून घरी आणलाच, तर त्याला जगवणं आलंच.

माझा फंडा सिंपल : एकटा नको, पाच-सहा जणांचा ग्रुप हवा. तळाला बारीक वाळू, दगड-करवंट्यांचे आडोसे, उजेड मंद. दांडगट शेजारी नकोत. खाणं बुडणारं, तेही दिवा मालवल्यावर. आडोसा काढून त्याला ‘धीट’ करायला जाल, तर तो आणखीच घाबरेल. लपायला जागा आहे म्हटल्यावरच स्वारी बाहेर येते!