त्यांना सवय आहे, असं आपण म्हणतो

जव्हारचा राजवाडा आणि दाभोशाचा धबधबा पाहून परतणाऱ्या गाडीत एक शेरा हमखास ऐकू येतो: यांचं बरं आहे, उद्याची चिंताच नाही. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागातल्या पाड्यांवर पाऊस, मजुरी, पाणी यांपैकी कशाचाच भरवसा नसतो, हे खरं. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र बहुतेक चुकीचे असतात.

गैरसमज: सवय झाली की टोचत नाही

लंडनमधल्या संशोधकांनी 2016 साली 45 जणांवर केलेला प्रयोग बोलका आहे. हाताला विजेचा हलका झटका बसणारच, हे ठाऊक असताना लोकांवर जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण ‘बसेल किंवा नाही’ अशा अधांतरी अवस्थेत आला. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. तीच माणसं कापणीआधी, पैशाची ओढाताण असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली, कापणीनंतर सावरली. जव्हारात ही ओढाताण नेमकी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत येते. कणगीचा तळ दिसू लागलेला असतो आणि कामाला उसंत नसते.

गैरसमज: उद्याचा विचारच नसतो

मग उन्हाळ्यात, पावसाचा पत्ता नसताना, भाताच्या रोपांसाठी राब कोण भाजून ठेवतं? वरकस उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, जोडीला उडीद, खुरासणी, अशी इथली विभागणी. भातही एकाच जातीचं नाही. पाऊस लवकर उघडला तर हळवं हाताशी येतं, लांबला तर गरवं भरतं. नागलीला सहसा कीड लागत नाही, नीट वाळवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. घरातली ती मुदतठेवच. पहिल्या पावसानंतर रानभाज्या येतात. अगदीच अडचण आली तर कडूकंद असतो. त्याचा कडूपणा काढायची खटपट बायका मुकाट्याने करतात.

या शेतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिच्यावर सगळ्यांचं वर्षभर भागत नाही आणि कुपोषणाला ती एकटी पुरी पडत नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या 1992-93 मधल्या बालमृत्यूंनंतर हे वेगळं सांगायला नको. पण एकावर सगळं न लावण्याच्या या रीतीला बेफिकिरी म्हणणाऱ्याने शेत नीट पाहिलेलं नसतं.

गैरसमज: गावात काम असूनही लोक वीटभट्टीवर पळतात

दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, ठाणे, नाशिककडे ‘जगायला’ जातात. वीटभट्टी, बांधकाम, मिळेल ते. खरं तर रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्येच केला आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचं बंधनही घातलं. प्रत्यक्षात मस्टर भरतं, काम संपतं आणि पैसे कधी जमा होतील ते कुणी सांगत नाही. भट्टीवर उलटं. हंगामाआधी उचल हातात पडते, मग आठवड्याची खर्ची, आणि हिशेब शेवटी. त्या हिशेबात अनेकदा मजूरच नाडला जातो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा फास सैल झालेला नाही. एवढं माहीत असूनही माणूस जातो, कारण आठवड्याच्या शेवटी तेल-मीठ नक्की येणार असतं. हा हिशेब कच्चा नाही.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पावसाच्या लहरीवर या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तोडगे काढले. लांबलेल्या मजुरीवर पाड्यावर बसून काढता येईल असा तोडगा नाही. त्यामुळे धीर धरा, सकारात्मक राहा, हा शहरी उपदेश इथे निव्वळ निरुपयोगी. मजुरी तारखेला आली, तर निम्मी चिंता बोलल्यावाचून जाईल.

गैरसमज: एवढा पाऊस, म्हणजे पाणी तरी नक्की

वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तीव्र उतार आणि खाली कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जातं. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतात. मोखाडा तालुक्यातल्याच कोचाळे इथल्या मध्य वैतरणा धरणातून मात्र मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देता येतं.

ज्यांच्या बांधाशी पाणी आहे, त्यांनी वाट काढली आहे. आंबा-काजूची वाडी लावायची, जोडीला मोगरा. कळ्या पहाटे खुडायच्या आणि दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या. भाव सणाला चढतो, एरवी कोसळतो, म्हणजे भरवसा इथेही नाहीच. पण हंगाम असेपर्यंत थोडा थोडा पैसा येत राहतो, आणि रोजच्या खुडणीसाठी घरातलं कुणीतरी गावातच थांबतं. ज्यांची जमीन नुसती उतारावर आहे, पाणी लांब आहे, त्यांना हा मार्ग अजून बंदच आहे.